बिजलीला आवतण

माझं लग्न एकदाच झालं, पण वरात दोनदा निघाली. दोन्ही वेळी घोडी तीच होती, डोक्यावर फेटा होता, बँडवाला तोच होता आणि मांडवाच्या दारात बायकोही तीच होती. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी ती घोड्यांची शर्यत होती.

घोडीचं नाव बिजली. हे नाव तिला लतीफने दिलं होतं, ती पांढरी होती म्हणून. वेगाचा त्यात काही संबंध नव्हता. (आमच्या भागातली तारेतली बिजलीही चालण्यापेक्षा थांबण्यासाठीच प्रसिद्ध आहे.)

लतीफ आणि मी आदिलाबादच्या मराठी शाळेत आठवीपासून एका बाकावर. मी पैनगंगेच्या अलीकडच्या खेड्यातून एसटीने येणारा, तो स्टेशनजवळ राहणारा. त्याच्या अब्बांचा टांगा होता. परीक्षेच्या दिवसांत एसटी उशिरा आली की अब्बा स्टँडवर टांगा घेऊन उभे असायचे आणि मला शाळेच्या दारात सोडायचे. पैसे विचारले तर म्हणायचे, "पास हो, फिर देख लेंगे." मी पास होत गेलो. लतीफ दहावीला थांबला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. झालो, आदिलाबादला सरकारी कचेरीत चिकटलो. त्या पदवीत अर्धी मेहनत माझी असेल, बाकीची बाबांची, मायची आणि त्या टांग्याची.

पदवीचा एक तोटा असा, की गावात कोणाची म्हैस आटली तरी लोक मला विचारतात. "गजानन शिकलेला आहे, त्याले ठाऊक असन." मी गंभीरपणे "पाहून सांगतो" म्हणतो. म्हणजे मोबाईलमध्ये पाहून.

ऑटो आले आणि टांगे गेले. अब्बाही गेले. टांग्याच्या घोडीची ही पोर, बिजली, तेवढी उरली. लतीफने तिला वरातीचं काम शिकवलं. मारुतीच्या देवळापासून निघायचं. बँड वाजला की हळू चालायचं. चौक आला की थांबायचं, पुढचे दोन पाय तालावर उचलायचे, आणि नाचणारे दमल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. मांडवाच्या दारात पोचलं की बायकांनी ओवाळेपर्यंत दगडासारखं उभं राहायचं. मी बी.कॉम.ला कितीतरी विषय शिकलो, त्यातला एकही आज आठवत नाही. बिजली एकच विषय शिकली होती आणि तो तिचा पक्का होता.

पण मग नवरदेवांना छत उघडणाऱ्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या. बँडच्या जागी डीजेची ट्रक आली. तिच्या आवाजाने माणसाची छाती हादरते, घोडीचं काय होत असेल. एक हंगाम असा गेला की बिजलीवर एकही नवरदेव बसला नाही. लतीफने आखाती देशात उंट राखायचं काम पत्करलं. बायको नसरीन दोन्ही मुलींना घेऊन निर्मलला माहेरी राहणार होती. सगळ्यांची सोय लागली होती. बिजलीची राहिली होती.

"वीटभट्टीवाला ठेकेदार नेतो म्हनते," लतीफ एका संध्याकाळी कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर म्हणाला. "विटा वाहाले."

भट्टीवरचे घोडे आम्ही दोघांनीही पाहिले होते. पाठीवर फोड, डोळ्यांत राख.

"दुसरं कोनी नाही?"

"म्हाताऱ्या घोडीले कोन घेते बे? तुमच्या कचेरीत जागा आहे का सांग."

आणि इथे माझी पदवी जागी झाली. माघात आमच्या गावची जत्रा असते आणि जत्रेत घोड्यांची शर्यत. ती बघायला किनवटकडून एक पाटील दरवर्षी येतात. त्यांच्याकडे चांगल्या घोड्या आहेत आणि एखादी मनात भरली की ते ती जागेवरच घेतात. त्यांच्या तबेल्यात घोड्यांसाठी पंखे आहेत म्हणे. (आमच्या कचेरीत तीन आहेत, त्यातला एक फिरतो.)

"बिजली शर्यतीत बरी पळाली तं पाटील नेते," मी म्हणालो. "मंग जलमभर पंख्याखाली."

"पळन का पन?"

"ते तू सांग. घोडी तुही आहे."

लतीफने चहा एका घोटात संपवला. "चार पाय तं आहेत. पळ म्हनून कोनी सांगतलंच नाही तिले आजलोक."

ठरलं. पाटलांचा पंखा नाहीतर ठेकेदाराची भट्टी. ठेकेदारालाही लतीफने जत्रेलाच बोलावलं, कारण जत्रेनंतर आठवड्यातच लतीफचं विमान होतं आणि नाही जमलं तर घोडी तिथूनच द्यावी लागणार होती.

राहिला प्रश्न वर बसणार कोण याचा. लतीफचं वजन पाहता तो बसला असता तर बिजलीने शर्यतीऐवजी सत्याग्रह केला असता. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच बस."

"मले घोड्यावर बसता येत नाही."

"लगनात बसला होता ना?"

"तवा लगाम तुया हातात होता बे."

"मंग? पडला का?"

आठवडाभर मी मोबाईलवर शर्यतीचे व्हिडिओ पाहिले आणि घरी लोडावर बसून, पाठ वाकवून सराव केला. संगीताने, म्हणजे माझ्या बायकोने, समोरचं दार लावून घेतलं. मला वारा लागू नये म्हणून नव्हे, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

जत्रेच्या आदल्या दिवशी लतीफ बिजलीला घेऊन आमच्या गावच्या घरी आला. आमच्या गोठ्यात आजवर बैल, गाई आणि एकदा चुकून आलेलं रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू, एवढेच प्राणी राहिलेले. माय घोडीभोवती एक फेरी मारून आली. सगळी हकिकत तिने ऐकून घेतली, उद्या ही इथूनच पाटलाकडे जाईल, नाहीतर भट्टीवर. दिवेलागणीला ती हातात लोण्याची वाटी आणि पळसाची पानं घेऊन गोठ्यात गेली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे लोण्याने चोळून शेकतात आणि त्याच्या कानात आवतण देतात. दुसऱ्या दिवशी तो घरचा पाहुणा. त्याला जुंपायचं नाही, काम सांगायचं नाही, मारायचं नाही. सजवून घरोघरी न्यायचं आणि पुरणपोळी चारायची.

"माय, हे काय करून राह्यली?" लतीफने विचारलं.

"खांदे शेकून राह्यली."

"माय, हे घोडी आहे. हिच्या खांद्यावर जू नसते."

"जू नसन. नवरदेवाचं वझं तं असते ना? किती नवरे वाह्यले बिचारीनं." मायने माझ्याकडे पाहिलं. "काही तं कामाचेही नव्हते."

मी शिकलेला असल्यामुळे मला बोलणं भाग होतं. "माय, पोळा श्रावणात असते. आता माघ चालू आहे."

"तवालोक हे इथं राह्यते का?" माय म्हणाली.

मायने पळसाचं पान बिजलीच्या खांद्यावर दाबलं आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आज आवतन घे बाई, उद्या जेवाले ये." बिजलीने कान हलवला. लतीफ दावं तपासायचं निमित्त करून पाठमोरा उभा राहिला. ते दावं त्याने फारच वेळ तपासलं.

सकाळी त्याने मायला बजावलं, "एकच पोळी माय. घोडीचं पोट नाजूक असते." मायने कबूल केलं आणि एकच दिली. मग लतीफ नाव नोंदवायला जत्रा कमिटीकडे गेला. बाबांनी घोडीला शिंगं नसल्यामुळे तिच्या कपाळालाच रंग लावला आणि आवतण दिलेल्या जनावराला जसं न्यायचं असतं तसं तिला गल्लीतून घरोघरी नेलं. गल्लीतल्या एकाही घराने तिला रिकाम्या तोंडाने पुढे जाऊ दिलं नाही. मी तेव्हा काय करत होतो? आतल्या खोलीत आरशासमोर पाठ वाकवून उभा होतो.

लतीफ परत आला तेव्हा बिजली गोठ्यात अर्धे डोळे मिटून उभी होती आणि तिचं पोट दोन्ही बाजूंनी गोठ्याबाहेर येऊ पाहत होतं.

"किती खाल्लं?" त्याने विचारलं.

"प्रत्येकानं एकच देली," बाबा म्हणाले.

लतीफ खाली बसला. मग उठला, तिच्या पोटाला कान लावून ऐकलं, तिला दोन तास हळूहळू फिरवलं. "बरी आहे," शेवटी म्हणाला. "पन आता पळन म्हनजे किती पळन, ते अल्लाले माहीत."

शर्यत मारुतीच्या पारापासून सुरू होणार होती. ज्वारी निघालेल्या शेताच्या टोकाला, नाल्याजवळ, झेंडा रोवला होता. त्याला वळसा घालून परत यायचं. आमच्यासह सहा घोडे. बाकीचे पाच असे फुरफुरत होते की मी त्यांच्या मालकांची नजर चुकवत होतो. पाटील लिंबाखाली खुर्चीवर बसले होते, पांढरं धोतर, शांत चेहरा. त्यांच्यापासून जरा लांब ठेकेदार आपल्या छोट्या ट्रकला टेकून उभा होता. ट्रकचं मागचं फळकूट त्याने आधीच खाली पाडून ठेवलं होतं. लतीफने ते पाहिलं आणि पुन्हा तिकडे मान वळवली नाही.

तो बिजलीच्या कानात काहीतरी बोलला. मग मला म्हणाला, "लगाम ढिला सोड, मान खाली घाल, आन् तू काईच करू नको. तुले ते जमते."

बँडवाल्यालाही त्याने जाऊन सांगितलं, की घोडे झेंड्यापर्यंत पोचल्याशिवाय एक सूर काढायचा नाही. हा बँडवाला यादगिरी. माझ्या लग्नात यानेच वाजवलं होतं. त्याने मला लांबून सलाम केला. तोवर सगळं लतीफच्या हिशेबाप्रमाणे चाललं होतं.

मग कमिटीचे लोक आले आणि रीतीप्रमाणे प्रत्येक स्वाराला फेटा बांधू लागले. माझ्या डोक्यावर फेटा आला तसे बिजलीचे कान उभे राहिले. लतीफच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. नारळ फुटला. लाल फडकं वर गेलं. फेटा माझ्या डोळ्यांवर घसरला आणि तो सावरायला मी हात वर केला.

लग्नाच्या दिवशी मी असाच हात वर करून यादगिरीला सांगितलं होतं, होऊ द्या सुरू. माणूस इमानी. त्याने सुरू केलं.

पाच घोडे सुटले. धूळ उडाली. त्या धुळीत मी मान खाली घालून, पाठ वाकवून, व्हिडिओत दाखवतात तसा बसलो होतो, आणि जमीन काही केल्या मागे सरकत नव्हती. मागे मारुती, वर फेटेवाला, पुढे बँड. बिजलीने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळख पटली. मग तिने पुढचे दोन पाय उचलले आणि तालावर ठेवले. पुन्हा उचलले.

माईकवर गावचा राजन्ना बसला होता. तो तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलतो. "नंबर एक पुढं, नंबर तीन पुढं, नंबर सहा पुढं... नंबर चार इंका इक्कडे उंदि." म्हणजे अजून इथंच आहे. जरा वेळाने पुन्हा, "नंबर चार... इंका इक्कडे उंदि." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तो फक्त खरं ते सांगत होता.

मी टाचा मारल्या. वरातीत टाच लागली की बिजली पाय अधिक उंच उचलते हे मला ठाऊक नव्हतं. तिने उचलले. कोणीतरी पहिल्यांदा हसलं आणि बांध फुटला. माझे दोन चुलतभाऊ पुढे येऊन नाचू लागले. बँड आणि घोडी समोर असताना न नाचणं त्यांना जमत नाही. एका म्हाताऱ्याने माझ्यावरून नोट ओवाळून यादगिरीच्या खिशात खोचली. त्यामुळे यादगिरीचा हुरूप वाढला.

"हटा ना बे," मी म्हणत होतो. "शर्यत आहे."

"एवढ्या दिवसांनी घोड्यावर बसला दादा, नाचू दे ना," चुलतभाऊ म्हणाला.

मध्ये वाट फुटते. उजवीकडे झेंडा आणि डावीकडे जत्रेच्या पंगतीचा मांडव. मांडवाच्या दाराला केळीचे खांब आणि आंब्याचं तोरण होतं. एवढी वर्षं जिने वराती पोचवल्या तिला कुठे जायचं हे काय सांगावं लागतं? झेंड्याला वळसा घालून पाच घोडे परत येत होते तेव्हा आम्ही वाजतगाजत डावीकडे वळलो.

संगीता मांडवात वरणाची बादली घेऊन वाढत होती. बँड ऐकून ती दारात आली. बिजली तिच्यासमोर येऊन थांबली. संगीताने डाव तसाच बादलीत धरून माझ्याकडे पाहिलं.

"आता काय, दुसरं करून राह्यले का?"

"उतरू देत नाही ना हे," मी म्हणालो. खरंच देत नव्हती. मी पाय काढला की ती अंग तिरकं करायची. नवरदेव ओवाळल्याशिवाय खाली उतरलेला तिने कधी पाहिला नव्हता.

शेवटी मायच तबक घेऊन आली आणि संगीताच्या हातात दिलं. "ओवाळ. त्याबिगर सोडनार नाही ते." संगीताने मला ओवाळलं. (लग्नात सासूबाईंनी ओवाळलं होतं. चेहऱ्यावरचा भाव हुबेहूब तोच.) बिजलीने मान खाली घातली. काम झालं होतं. तिच्याकडून कुठेही चूक झालेली नव्हती.

गर्दीतून लतीफ चालत आला. हसत होता. हसता हसता तो बिजलीच्या पुढच्या पायाजवळ खाली बसला आणि मग मला दिसलं की त्याचं हसणं केव्हाच थांबलंय, फक्त खांदे हलतायत.

"गज्या," तो म्हणाला, "सारी जिंदगी म्या तिले थांबाले शिकवलं बे. एक दिवस पळ म्हनून कशी पळन?"

पाटीलही आले. उपरण्याने डोळे पुसत होते, इतके हसले होते. त्यांनी बिजलीच्या मानेवरून हात फिरवला. "भाऊ, हे घोडी पळनारी नाही," लतीफला म्हणाले. "गुनाची आहे. पन माझ्या कामाची नाही. वाईट वाटून घेऊ नको."

"नाही पाटील," लतीफ म्हणाला. पाटील गेले. त्यांच्याबरोबर पंखाही गेला.

मग ठेकेदार आला. त्याने बिजलीच्या पायांना हात लावून पाहिलं. "चढाओ गाडी में," म्हणाला.

लतीफने दावं हातात घेतलं. मी फेटा काढून हातात धरला होता, त्याचं काय करावं ते मला सुचत नव्हतं. तेवढ्यात माय आमच्या मधे येऊन उभी राहिली.

"आज नाही जात ते."

"कायकू अम्मा?"

"काल म्या तिले आवतन देलं. आज तिचा जेवाचा दिवस आहे. आज तिले कोनी जुपत नाही, का गाडीत घालत नाही."

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस दिसत होतो ना. मी घसा साफ करून म्हणालो, "रिवाज आहे." तोही शेतकऱ्याचाच मुलगा असणार. त्याने मान डोलावली. "ठीक है. कल आता."

त्या संध्याकाळी दिवेलागणीला माय लोण्याची वाटी घेऊन पुन्हा गोठ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला. "आज तिचा जेवाचा दिवस आहे," माय म्हणाली. "कल था ना अम्मा?" "काल कालचा होता. रात्री आवतन देलं, आज आजचा." तो गेला. संध्याकाळी पुन्हा वाटी. तिसऱ्यांदा आला तेव्हा मायने त्यालाही पाटावर बसवलं. दोन पोळ्या खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "अम्मा, ये पोला खतम कब होता?"

"जनावर जिते तवालोक."

हात धुऊन तो गेला, तो गेलाच. ट्रकचं फळकूट त्याने स्वतःच वर चढवलं.

अशा रीतीने माझ्यासारख्या कारकुनाच्या घरी घोडी आली. लतीफ निघण्याच्या आदल्या दिवशी गावी आला. बिजलीच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. बाबांनी लावलेला रंग अजून गेला नव्हता, तो त्याच्या कपाळाला लागला आणि कोणी त्याला सांगितलं नाही. निघताना तो मायच्या पाया पडायला वाकला, तर मायने लोण्याचा हात त्याच्याच खांद्यावर ठेवला.

"माय, मीही बैल का?"

"कष्टालेच चालला ना तू? आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"येतो माय," तो म्हणाला. "पुरन राखून ठेव."

तिकडून तो शुक्रवारी फोन करायचा, चेहरा दिसणारा. मागे वाळू आणि उंट. पहिलं वाक्य ठरलेलं. "तुयं थोबाड नंतर. पयले बिजली दाखव." मी मोबाईल घेऊन गोठ्यात जायचो. तो तिला हाका मारायचा, ती मोबाईलला नाक लावायची, मग पडद्यावर नुसती नाकपुडी. तो त्या नाकपुडीशी बराच वेळ बोलायचा. एकदा म्हणाला, "इथं उंटाचीही शर्यत असते गज्या. पन एकही नाचत नाही. बेकार जनावर."

दुसऱ्या उन्हाळ्यात बिजली गेली. आजारपण नाही, काही नाही. सकाळी बाबा चारा घेऊन गेले तेव्हा ती निजली होती, एवढंच. कापसाच्या शेताच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली बाबांनी आणि मी खड्डा केला. बाबा रडणारे नाहीत. त्या दिवशी ते कापसाच्या भावाबद्दल फार बोलले, आणि कोणाचं उत्तर ऐकायला थांबले नाहीत.

दोन दिवसांनी शुक्रवार होता.

"सांगू नको," माय म्हणाली. "तिकडं त्याच्यापाशी रडाले कोन आहे?"

फोन वाजला. "बिजली दाखव." मी गोठ्यात गेलो. तिथे आमचा पांढरा बैल ढवळ्या उभा होता. आणि मी, या घराण्यातला पहिला पदवीधर, मोबाईल नेमका धरून त्याला ढवळ्याची पाठ दाखवली. फक्त पाठ.

"तोंड दाखव ना बे."

"नेटवर्क नाही येत तिकडून," मी म्हणालो. बैलाच्या तोंडाकडून.

लतीफने पडदा डोळ्यांजवळ नेला. "पाठ भरली तिची."

"माय चारते ना."

असे शुक्रवार गेले. मला वाटलं, जमलं. एकदा गळ्यातली घंटा वाजली, मी म्हणालो मायने बांधली हौसेने. एकदा ऐन वेळी ढवळ्या हंबरला. चांगला लांबलचक. मी मोबाईल हातात धरून उभा.

"सर्दी झाली तिले," मी म्हणालो.

"हो," लतीफ म्हणाला. "बसला आवाज."

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, शुक्रवार नसताना. माय वाटी घेऊन गोठ्यातच होती. मी सवयीने पाठ दाखवली. त्याने पाहिली. आज तो बिजलीशी बोलला नाही. मागचे उंट हलत होते आणि वाऱ्याचा आवाज येत होता.

"मायनं आवतन देलं का तिले?"

"देऊन राह्यली."

"बरं." मग त्याने मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. "गज्या, ते मोहाचं झाड आहे ना बांधावरचं. तिथं सावली राह्यते ना दुपारी?"

त्या झाडाचं नाव मी त्याच्याजवळ कधीच काढलं नव्हतं. पण आमच्या घरी जनावर कुठे पुरतात हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं.

"राह्यते," मी म्हणालो.

"बरं झालं." त्याने बाहीने तोंड पुसलं. "मायले सांग, माह्या वाट्याचं पुरन राखून ठेव. आन् गज्या, उद्या पोळा आहे. बिजलीच्या शिंगाले तेल चांगलं लावजो."

मी 'हो' म्हणालो आणि लावलंही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच, आणि घोडीच्या शिंगांना तेल लावणारा पहिलाही मीच.